आवणीच्या दिवसांत पाचनईला

अकोले तालुक्यातल्या पाचनईला जाण्याचे निमित्त चांगदेव महाराज. ज्ञानोबारायांना कोरे पत्र पाठवणारे आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळालेले हे योगिराज हरिश्चंद्रगडावर तपाला होते, ‘तत्त्वसार’ त्यांनी तिथेच लिहिला, असे मानतात. पाचनई या गडाच्या पायथ्याचे गाव. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा.

आषाढी करून पंधरवड्याने आम्ही तिघे माळकरी तिथे पोहोचलो. पाऊस असा की समोरचा डोंगर दिसेना. देशावरच्या माणसाला हा पाऊस सांगून कळायचा नाही. खाचरांत बायामाणसे गुडघाभर चिखलात वाकलेली, पाठीवर प्लास्टिकचे कागद. भाताची आवणी चालू होती.

ज्यांच्याकडे उतरलो ते बाबा महादेव कोळी समाजातले. गळ्यात तुळशीची माळ. मी सहज विचारले, “बाबा, यंदा वारीला होता का?”

“महाराज, आषाढीला आमचे पाय चिखलात. रोप तयार झालं की लावायलाच लागतं, ते काय थांबतंय? जमलं तर कार्तिकीला जातो.”

उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाच्या सुमारास बी टाकायचे आणि तीन-चार आठवड्यांत रोप उपटून खाचरात लावायचे. उशीर झाला की पीक घटले. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, नेमकी याच दिवसांत. अरणचा मळा सोडून सावता महाराज पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, ही कथा आपण कीर्तनात किती रंगून ऐकतो! बाबांना ती पाठ होती. तरी म्हणाले, “नातू मोबाइलवर रिंगण दाखवतो, रेंज आली तर. बांधावर उभा राहून बघतो.” एवढे बोलून ते चुलीत लाकूड सारू लागले. धुरामुळे की कशाने, डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर गड चढलो. वाटेत त्याने हिरड्याची झाडे दाखवली. त्रिफळातला हिरडा आपल्याला पुडीतून माहीत. इथे कच्चा बाळहिरडा वाळवून विकला की चार पैसे हाती येतात. कारवी नुसतीच हिरवी होती. ती सात वर्षांनी एकदा फुलते. वर हरिश्चंद्रेश्वराचे दर्शन घेतले. केदारेश्वराच्या गुहेतली पिंड भली मोठी, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच धड उरलेला आणि सगळीकडे बर्फासारखे पाणी. तिथेच हरिपाठ म्हटला. गुहेत टाळ घुमतो, आपलाच आवाज परका वाटतो. उतरताना नातू पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या गोणीत भरत होता. त्याला कुणी सांगितले नव्हते.

निघताना बाबांनी फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ दिले, गेल्या सालच्या भाताचे. “पुढल्या आषाढीला नामदेव पायरीवर ठेवा. पाचनईचे म्हणून सांगा.”

तांदूळ देवघरात ठेवले आहेत. ज्येष्ठात पडशी भरायला घेतली की आधी तेच जातील.