हसवणारी मुलगी : रंजना यांच्यावर निबंध शिकवताना



'माझा आवडता कलावंत' हा निबंध नववी-दहावीला आपण सगळेच घेतो. परंड्यातल्या आमच्या वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या की नावं साधारण ठरलेली निघतात. गाण्यात लतादीदी. हसवणारा कलावंत लिहायचा असेल तर दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, नाहीतर भाऊ कदम. मुलीसुद्धा हीच नावं लिहितात. हसवणारी बाई मात्र एकाही वहीत सापडत नाही. तुमच्या वर्गातल्या वह्याही एकदा या नजरेनं चाळून बघा.

या वेळी मी हा निबंध अभिनेत्री रंजना देशमुख यांच्यावर घेतला. पडद्यावर त्यांचं नाव नुसतं 'रंजना' असंच यायचं. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नसतं, पण घरी आजीला विचारा म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात निम्म्या मुलांकडे काहीतरी सांगण्यासारखं असतं. आजीकडून माहिती आणायची, हाच पहिला गृहपाठ. निबंधाची सुरुवात गाईडमधून होण्यापेक्षा ती बरी.

आधी माहिती पक्की करू

रंजना यांचा जन्म 1955 सालचा. आई वत्सला देशमुख या स्वतः अभिनेत्री. 'पिंजरा' (1972) मध्ये त्या होत्या. त्याच चित्रपटाची नायिका संध्या, म्हणजे रंजना यांची मावशी आणि व्ही. शांताराम यांच्या पत्नी. 'पिंजरा'तला मास्तर आपल्या पेशातल्या लोकांना वेगळा सांगायला नको! तर असं हे घर. 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी' हा 1975 सालचा चित्रपट, आणि 1977 साली 'चानी'. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो केला. गोऱ्या माणसाच्या अत्याचारातून जन्मलेली, भुऱ्या केसांची मुलगी आणि तिला वाळीत टाकणारं कोकणातलं गाव, असा तो विषय. पुढे राजदत्त यांच्या 'अरे संसार संसार' (1981) मध्ये त्यांनी शेतकरी घरातली राबणारी बाई उभी केली. आमच्याकडच्या आज्यांना हाच चित्रपट सगळ्यात जास्त आठवतो. का, ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं गंभीर काम झालं. पण मुलांना मी मुद्दाम दुसरी यादी फळ्यावर लिहून देते. 'गोंधळात गोंधळ' (1981), 'एक डाव भुताचा' (1982), 'बिनकामाचा नवरा' (1984), 'मुंबईचा फौजदार' (1984). चानी झालेली हीच बाई या चित्रपटांत लोकांना पोट धरून हसवते. तारखा बघा, 'अरे संसार संसार' आणि 'गोंधळात गोंधळ' एकाच वर्षीचे आहेत!

'एक डाव भुताचा' शिक्षकांनी तर आवर्जून बघावा. दिलीप प्रभावळकर त्यात शाळामास्तर आहेत, अशोक सराफ भूत झालेत आणि कथाकार द. मा. मिरासदार चक्क हेडमास्तरच्या भूमिकेत आहेत. मिरासदार स्वतः मराठीचे प्राध्यापक होते. आमच्या गावात भुईकोट किल्ला आहे, खंदक आहे, तोफा आहेत. त्यामुळं भूत म्हटलं की पोरांना वेगळी तयारी करून द्यावी लागत नाही.

विनोदी बाई म्हणजे कोण?

आता मूळ मुद्द्याकडे येते. वर्गात एखादी मुलगी जरा अंगानं जास्त असली की तिला 'टुणटुण' म्हणून चिडवलं जातं. पन्नास वर्षांपूर्वी चिडवायचे, आजही चिडवतात. चिडवणाऱ्या पोरानं टुणटुणचा एकही चित्रपट पाहिलेला नसतो. मी त्यांना विचारते, टुणटुण कोण होती? कुणालाच सांगता येत नाही. मग सांगते. त्यांचं नाव उमादेवी खत्री. त्या आधी पार्श्वगायिका होत्या आणि 1947 सालच्या 'दर्द' चित्रपटातल्या त्यांच्या गाण्यानं त्या काळी धूम केली होती. 1950 च्या 'बाबुल'पासून त्या विनोदी भूमिकांकडे वळल्या आणि टुणटुण हे नाव त्यांना चिकटलं. एवढी गळ्याची बाई, पण पडद्यावर तिला काम काय? दारातून आत येताना अडकायचं, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर पडायचं. लोकांनी गाणं गाणाऱ्या उमादेवीला विसरून शरीर तेवढं लक्षात ठेवलं.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडमध्ये 1958 पासून 'कॅरी ऑन' नावाची विनोदी चित्रपटांची मालिका फार चालली. त्यातल्या 14 चित्रपटांत हॅटी जॅक्स नावाची अभिनेत्री होती. दवाखान्यातली कडक मेट्रन म्हणून ती घराघरांत ओळखीची झाली. तिच्याही वाट्याला पुन्हा पुन्हा तिच्या आकारमानावरचाच विनोद यायचा. त्याच मालिकेतल्या जोन सिम्सनं 24 चित्रपट केले. तिला सुंदर मुलीपासून खाष्ट बायकोपर्यंत सगळं करता यायचं. म्हणजे हसवायला शरीर लागतंच असं नाही, ते लिहिणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोक्यात असतं.

रंजना यांचं महत्त्व मला इथं वाटतं. त्या नायिका होत्या, देखण्या होत्या, आणि विनोदही त्याच करत. चित्रपटात नायिका वेगळी आणि हसवायला दुसरी जाडी बाई वेगळी, अशी वाटणी त्यांनी ठेवली नाही. त्यांचा विनोद प्रसंगातून येतो. समोर अशोक सराफ भलतंच काहीतरी बोलत असतात आणि रंजना ते अगदी खरं मानून ऐकत असतात. त्यांचा चेहरा खरा, म्हणून ती थाप आपल्याला विनोदी वाटते. समोरच्यानं बोललेलं खरं मानणं हे विनोदातलं अर्धं काम असतं. आपण टाळी बोलणाऱ्याला देतो आणि ऐकणाऱ्याला विसरतो.

पालकांना एक सांगायचंय

स्नेहसंमेलन आलं की मुलींना नाच आणि मुलांना विनोदी नाटुकलं, अशी आपोआप वाटणी होते. नाटुकल्यात बायकोचं पात्र असलं तरी ते मुलगाच करतो, लुगडं नेसून. लोक हसतात, पण ते लुगड्याला हसतात.

गेल्या वर्षी मी सासूचं काम आठवीतल्या एका मुलीला दिलं. नक्कल करण्यात ती एक नंबर. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, तिला नाचात घ्या, पर ह्यात नगा घेऊ. चारचौघांत लोक हसत्याल तिला. उद्या सोयरीक जुळवायची हाय."

आईचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गावात राहायचं तर लोक काय म्हणतील याचा हिशेब तिलाच द्यावा लागतो, मला नाही. मी तिला एवढंच विचारलं, "ताई, लोक तिला हसतील का तिच्या बोलण्याला हसतील?" ती म्हणाली, "दोन्ही एकच की." मग मी त्यांना तालमीला बसवून घेतलं. पोरीनं सासूचं काम करताना ना तोंड वेडंवाकडं केलं, ना लंगडली. सुनेनं केलेला चहा ती नुसती बघत राहिली, एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पाणी तापलंय झकास." सगळी तालीम खो खो हसली. आई हसली नाही. पण जाताना म्हणाली, "मागं बसलेल्यास्नी ऐकू जायला पायजे, जरा मोठ्यानं म्हण म्हणावं." मी तो होकार समजले.

संमेलनात काम झालं. सोयरिकीचं पुढं काय व्हायचं ते होईल, पोरगी अजून आठवीत आहे! पण वर्गात मागच्या बाकावर बसणारी ती मुलगी आता प्रकट वाचनाला स्वतःहून हात वर करते. त्या नाटुकल्याचा एवढा परिणाम मला दिसला, त्याहून जास्त मी सांगणार नाही.

निबंधात काय लिहायचं, काय टाळायचं

मुलं आता मोबाईलवर माहिती शोधतात. रंजना हे नाव टाकलं की दोनच गोष्टी वर येतात. एक त्यांचा अपघात आणि दुसरं त्यांचं खासगी आयुष्य. अपघाताची गोष्ट खरी आहे. 1987 साली 'झंझार' चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी जाताना बंगळुरूजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यांना पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीवर काढावं लागलं. 3 मार्च 2000 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

पण मुलं काय करतात? चार ओळींत चित्रपटांची नावं उरकतात आणि उरलेलं पानभर 'नियतीचा क्रूर घाला' लिहितात. अपघात लिहावा, पण दोन वाक्यांत. 1975 ते 1987 ही बारा वर्षं आणि त्यातलं काम, याला निबंधात जास्त जागा हवी. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या अशोक सराफ यांना पुढे महाराष्ट्र भूषण मिळालं, 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या वाट्याला पन्नास वर्षांहून मोठी कारकीर्द आली, रंजना यांना बारा वर्षं मिळाली. तरीही त्या जोडीचे विनोदी चित्रपट आठवताना दोघांपैकी एकाला बाजूला काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या निबंधात बहुतेक सुटते. अपघातानंतर रंजना पुन्हा रंगमंचावर आल्या होत्या. 1993 मध्ये 'फक्त एकदाच' या नाटकात त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसून काम केलं. विनोदी नटाला हात, पाय, चाल, वळून बघणं हे सगळं लागतं. ते गेल्यावर आवाज आणि चेहरा एवढ्यावर प्रेक्षकांसमोर यायचं, याला किती तयारी लागली असेल ते मुलांनाच विचारावं. उत्तर त्यांचं त्यांना लिहू द्यावं.

निबंधासाठी मी फळ्यावर देते ते मुद्दे असे :

1. घराण्याची ओळख (तीन-चार ओळी)
2. गंभीर भूमिका : 'चानी', 'अरे संसार संसार'
3. विनोदी भूमिका आणि त्यातला मला आवडलेला एक प्रसंग, स्वतः पाहून
4. त्यांचा विनोद कशावर आधारलेला होता, शरीरावर की प्रसंगावर?
5. अपघात आणि पुन्हा रंगमंचावर येणं
6. आजीला किंवा आईला त्या का आठवतात

तिसरा आणि चौथा मुद्दा गाईडमध्ये मिळत नाही. गुण देताना मी त्यालाच जास्त देते, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवते.

एक छोटा खेळ

निबंधाआधी दहा मिनिटं हा खेळ घ्या. "अहो, ऐकलं का?" एवढंच वाक्य. चार मुलींना पुढे बोलवा. एकीनं ते रागानं म्हणायचं, दुसरीनं पैसे मागायचे आहेत म्हणून गोड आवाजात, तिसरीनं घरात चोर शिरलाय म्हणून, चौथीनं नवरा बहिरा आहे म्हणून. म्हणणाऱ्या मुलीनं स्वतः हसायचं नाही, आणि तोंड वेडंवाकडं करून कुणाला हसवायचं नाही, हे दोनच नियम. चौथीला हमखास हशा मिळतो. मग वर्गाला विचारा, शब्द तेच होते, मग आपण का हसलो? या प्रश्नावर आमच्या वर्गात जी चर्चा होते, त्यातून आवाज, थांबणं, नजर, समोरच्याचा चेहरा हे सगळे मुद्दे मुलंच काढतात. आपण फक्त फळ्यावर लिहायचं.

खेळ संपला की 'टुणटुण'चा विषय काढायला तीच वेळ योग्य असते. त्या दिवशी मुलं ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. कुणाला उठवून झापायची गरज पडत नाही.

पालकहो, तुमची मुलगी घरी आत्याची, शेजारणीची किंवा आम्हा बाईंची नक्कल करत असेल तर तिला "मुलीच्या जातीनं असं करू नये" म्हणू नका. ती माणसं नीट बघते, नीट ऐकते, म्हणूनच तिला ते जमतं. आणि आमची नक्कल करत असेल तर एकदा आम्हालाही दाखवायला सांगा. आणि शिक्षक मित्रहो, येत्या संमेलनात एक विनोदी भूमिका मुलीला द्या, लुगडं नेसलेल्या मुलाला नको. तुमच्याकडे हा पाठ घेतलात तर मुलांच्या आज्यांनी कोणता चित्रपट सांगितला, तेवढं मला नक्की कळवा.