घट

भांडाराची स्मरणिका निघतेय. चिटणिसांचा फोन आला, "अण्णांवर दोन पानं द्या. जास्त नको, जाहिराती बऱ्याच आल्यात." त्याला तीन आठवडे झाले. दोन पानं काही होत नाहीत. वहीत हे असं तुकड्यातुकड्यांनी उतरतंय.

फोनवर त्यांनी दोन विशेषणंही सुचवली होती: मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल. पहिलं साफ खोटं. गिऱ्हाइकाशी अण्णा हसून बोलल्याचं मला आठवत नाही. माणूस पुढ्यात आला की ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, पिशवीकडे बघायचे. पिशवी विरलेली असली तर पुडा दुहेरी कागदात. दुसऱ्या विशेषणाचं नंतर बघू.

*

नायगावची बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही सहा माणसं. आजोबा गिरणीत, साचेखात्यात. मुलानं गिरणीत पाऊल टाकायचं नाही हे त्यांनीच ठरवलेलं. १९६४ साली अण्णा मॅट्रिक झाले आणि भांडारात विक्रेता म्हणून चिकटले. ग्राहक सहकाराचं नायगाव म्हणजे माहेरच. 'अपना बाजार' १९४८ साली इथल्याच कामगारवस्तीत सुरू झालं. त्यापुढे आमचं भांडार चिमुकलं. दोन गाळे, एक पोटमाळा, मागे गोदाम.

१९७९ला अण्णा व्यवस्थापक झाले. पाटीवर व्यवस्थापक, तोंडात मॅनेजर. टेबलाबरोबर हातांची खुर्ची मिळाली. ती त्यांनी गल्ल्यावरच्या बाईंना दिली, कारण संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय सुजायचे. आणि स्वतः एकवीस वर्षं उभ्यानं मॅनेजरकी केली. निवृत्तीनंतर गुडघे गेले, तेव्हा आईनं त्या खुर्चीचा विषय रोज काढला.

*

चाळीतल्या म्हाताऱ्या शेरातच मागायच्या. किलो येऊन इतकी वर्षं झाली तरी "शेरभर तांदूळ दे". अण्णा किलो जोखायचे आणि सांगायचे, "आजी, शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तुम्हाला ६७ ग्रॅम जास्त आलेत." आजीला वाटायचं, हे ६७ ग्रॅम फुकटात आले. अण्णा तिला किलोचाच भाव लावायचे, हेही सांगायचे. तरी ती खूश.

*

मंगळवार हा दाणाबंदरचा. मस्जिद बंदरला जाऊन माल स्वतः पाहून यायचे. पोत्यात पोकळ सळई खुपसून तळाचे दाणे बाहेर काढायचे, तळहातावर पसरायचे, फुंकर मारायचे, दोन दाणे दाताखाली. मी एकदा बरोबर गेले होते. व्यापाऱ्यानं मला बदाम दिले. अण्णांनी ते माझ्या मुठीतून काढून त्याच्या गादीवर परत ठेवले. "नाही" म्हणाले नाहीत, "राहू दे" म्हणाले नाहीत, नुसते ठेवले. परतीच्या वाटेवर स्वतःच्या पैशांनी शेंगदाणे घेऊन दिले. बदामांचं दुःख काही गेलं नाही.

*

रॉचडेलची गोष्ट. भांडारात नवा पोरगा लागला की पहिल्या दिवशी अण्णा त्याला पोटमाळ्यावर नेऊन ही गोष्ट सांगायचे. आम्हा भावंडांनी ती गोदामात लपून चार-पाच वेळा तरी ऐकली असेल. इंग्लंडात रॉचडेल नावाचं गाव. कापडाच्या गिरण्यांचं. मजुरीवाढ मागून मिळाली नव्हती. पिठात भेसळ, वजनात मार, आणि वाण्याकडे उधारी म्हणजे गळ्यात दोर. तेव्हा अठ्ठावीस जणांनी पै-पै साठवली आणि १८४४च्या डिसेंबरात दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या. वजन पुरं, माल चोख, उधारी बंद, आणि नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याचा त्याला.

अण्णा शेवटी म्हणायचे, "विणकर होते. आपल्यासारखेच." खरं तर अण्णा विणकर नव्हते. पण आजोबा होते.

*

१९७२-७३. दुष्काळ, महागाई, तेल-तुपाची बोंब. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांचे लाटणे मोर्चे निघत होते. आमच्या घरातलं एकुलतं एक लाटणं आईबरोबर मोर्चाला जायचं, त्या दिवशी रात्री भातच.

त्याच दिवसांत भांडारात डालडाचे डबे आले. चाळीभर बातमी, रांग रस्त्यापर्यंत. आई चाळिसाव्या नंबरवर होती म्हणे. पस्तिसाव्या बाईला शेवटचा डबा देऊन अण्णांनी हाळी दिली, "संपलं." बायकोच्या तोंडावर! एक डबा बाजूला काढून ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. हे वाक्य आईनं पुढे पन्नास वर्षं म्हटलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "तुला कळलं असतं."

पुढच्या मोर्चाच्या घोषणा तिनं आमच्या भांडारासमोर जरा जास्तच जोरात दिल्या, असं शेजारच्या मावशी सांगत.

*

जूनमधली वह्यांची विक्री. शंभर पानी, दोनशे पानी, खरेदीच्या भावात. अण्णांना ह्या एका कामात आनंद व्हायचा. पावसानं पहिल्या थरातल्या वह्या ओल्या झाल्या की त्या घरी येत, अर्थात बिलासकट. आमच्या सगळ्या वह्यांची पानं फुगलेली असायची. मॅनेजरची मुलं म्हणून वर्गात कुणी हेवा केला नाही.

*

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. हा संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे संपला कधी हेही कुणाला सांगता येत नाही. मी बारा वर्षांची होते. आमच्या मजल्यावर बारा खोल्या गिरणीच्या पगारावर चालायच्या. फेब्रुवारीत पुरुष गावाकडे जायला लागले, कोकणात, घाटावर. मार्चमध्ये भांडी जायला लागली.

कोपऱ्यावरचा किराणावाला उधारी देत होता. भाव चढा लावून, पण देत होता. भांडारात उधारी नाही. पोटनियमातच नाही, रॉचडेलपासून नाही. लोक अण्णांना शिव्या घालायला लागले. कामगारांचं भांडार म्हणवता आणि कामगाराच्याच पोराला पाव किलो साखर देत नाही?

अण्णांनी पोटनियम मोडला नाही. त्यांनी पुड्या लहान केल्या. तोवर साखरेचा सगळ्यात लहान पुडा अर्ध्या किलोचा होता, चहाचा शंभर ग्रॅमचा. आता साखर पन्नास ग्रॅम. चहा दहा ग्रॅम. डाळ शंभर. तेल आणाल त्या बाटलीत, आणाल तेवढ्याचं. आणि दर किलोलाच जो होता तोच. लहान पुडीला चढा भाव नाही. दीड-दोन रुपये हातात असलेली बाई मान वर करून भांडारात येऊ शकत होती, कुणाच्या वहीत नाव न घालता.

पुड्या बांधायला संपकऱ्यांच्या घरातल्याच बायका घेतल्या, शेकड्यावर मजुरी. दुपारी पोटमाळ्यावर वर्तमानपत्राचे चौकोन, छताला टांगलेलं दोऱ्याचं रीळ. अण्णांनी त्यांना शिकवलं ते मी पाहिलंय. कागदाचं टोक अंगठ्याखाली, एक गिरकी, शंकू तयार. माल आत, वरचा काठ दुमडून आत खोचायचा, दोरा दोन फेऱ्या, गाठ नाही, नुसता पीळ देऊन करंगळीनं तट्कन तोडायचा. दहा ग्रॅमची पुडी अंगठ्याएवढी व्हायची. ताटात रचल्या की नैवेद्याच्या मोदकांसारख्या दिसत.

*

स्मरणिकेसाठी म्हणून चिटणिसांनी जुनी इतिवृत्तं पाठवली. ऑगस्ट ८२ची सभा. संचालकांनी विचारलंय: एका किलोच्या वीस पुड्या करण्यात कागद, दोरा, मजुरी यांचा भुर्दंड आणि वर घट, याचा खुलासा व्हावा.

ज्यांनी दुकान केलं नाही त्यांच्यासाठी: घट म्हणजे माल सुकून, सांडून, पोत्याच्या धाग्यांत अडकून वजनाला जे कमी भरतं ते. पोतं उघडताना शंभर किलो असतं, विकून संपतं तेव्हा बिलं साडेनव्व्याण्णवची. दर पुडीला ग्रॅमभर सांडलं तर किलोमागे वीस ग्रॅम गेले. ठरलेल्या प्रमाणाच्या वर घट गेली की ती विक्रेत्याच्या पगारातून वळती व्हायची.

अण्णांचा खुलासा दोन ओळींचा. कागद-मजुरीची भरपाई रिकामं बारदान आणि चहाची खोकी विकून केली आहे. घट अर्धा टक्का, तक्ता सोबत.

अर्धा टक्का! संचालकांनी अभिनंदनाचा ठराव केलाय.

*

आता ती दुसरी गोष्ट, जी चिटणिसांना नको असणार.

दिवाळीच्या आधी अण्णांनी एका विक्रेत्याला कामावरून काढलं. वजनाच्या पारड्याला खालून बोट लावताना पकडलं म्हणून. जुना माणूस, अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला, घरात म्हातारी आई, दोन भाऊ संपात. चाळीतले लोक आमच्या दारात आले. त्या माणसानं घरी काहीच नेलं नव्हतं. पुडीमागे थोडं थोडं कमी जोखून तो घट भरून काढत होता. लहान पुड्यांनी घट वाढवली होती आणि ती त्याच्या पगारातून जाणार होती.

म्हणजे तो अर्धा टक्का त्याच्या बोटाचा होता. ठरावातलं अभिनंदनसुद्धा.

अण्णा दारात उभे राहून इतकंच म्हणाले, "मला कापायचा होता पगार. गिऱ्हाइकाला कापलं."

डिसेंबरच्या इतिवृत्तात अण्णांची ओळ आहे: मागील सभेत दिलेला घटीचा आकडा चुकीचा होता, तो दीड टक्का धरावा, आणि लहान पुड्यांची घट विक्रेत्यांकडून वसूल करू नये. हे ऑगस्टमध्ये सुचलं असतं तर? त्या माणसाला परत घेतल्याची नोंद मी मार्चपर्यंतची पानं उलटून शोधली. नाही. मला अजून वाटतं, अण्णांचं चुकलं. हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण नंतर त्यांना ऐकू कमी यायला लागलं, आणि असलं काही ओरडून विचारता येत नाही.

*

घरात दाराला लावायला किलोचं लोखंडी वजन आहे, षट्कोनी. वजनमापे निरीक्षकानं बाद केलेलं. झिजून हलकं झालं होतं. अण्णांनी ते भंगाराच्या भावात, पावती करून आणलं. आईनं एकदा त्यानं दिवाळीचं बेसन जोखायला घेतलं तर हातातून काढून घेतलं. "अहो, घरचंच बेसन आहे." "म्हणून काय?"

परवा माझ्या स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघितलं. ९९४.

*

कुटुंबवत्सल. बघू.

दिवाळीत घरी नसायचे. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आमच्याकडे पहाटे तीनला, कारण भांडार सहाला उघडायचं. ताईच्या बारशाला दुपारी दीडला आले, अडीचला गेले. सिनेमाला एकदाच नेलं आणि मध्यंतरानंतर झोपले.

पाणी मात्र चाळीस वर्षं त्यांनीच भरलं. चार वाजता नळ यायचा. आईनं पहाटे हंडा उचलल्याचं मला माहीत नाही.

आणि वेणी. आईला संधिवात झाला, बोटं वाकडी झाली, हात डोक्यामागे जाईना. शेवटची अकरा वर्षं तिची वेणी अण्णांनी घातली. रोज सकाळी, चहानंतर. पाटावर आई, मागे स्टुलावर अण्णा. तेल, फणी, तीन पेड. त्यांच्या हाताला पुड्याची सवय. वेणी इतकी घट्ट यायची की आईच्या भुवया वर ओढल्या जायच्या. "अहो, पुडा बांधताय का?" ते सैल करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टोकाला रबर लावायला तिनं किती सांगितलं. ते काळा दोराच घ्यायचे. दोन फेऱ्या, गाठ नाही, पीळ, आणि करंगळीनं तट्कन.

हे स्मरणिकेत घालू की नको? आई असती तर "घाल" म्हणाली असती, अण्णा "कागद महाग आहे" म्हणाले असते.

*

एक राहिलंच.

तो काढलेला माणूस पुढे रेल्वेच्या पुलाखाली भाजीची गाडी लावून बसायचा. आमच्या घरची भाजी अण्णा त्याच्याकडूनच घ्यायचे. दादरला स्वस्त मिळते, ताजी मिळते, आईनं सांगून पाहिलं. नाही. रोज संध्याकाळी भांडार बंद करून वाकडी वाट करून तिथं. दोघं एकमेकांशी बोलत नसत. अण्णा बोटानं दाखवायचे: भेंडी, अर्धा किलो. तो पारडं उचलायचा.

आणि तो जोखायला लागला की अण्णा, पोत्यातले दाणे दाताखाली धरणारे अण्णा, काट्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहायचे. तो "झालं" म्हणेपर्यंत.