नाही म्हणणारा वायरमन

वायरमन येणार म्हटलं की आमच्याकडे आधी चहाचं आधण चढायचं आणि मग मेन स्विच खाली यायचा. बारामतीच्या पेठेतला वाडा असो नाहीतर इंदापूर तालुक्यातली कालव्याकाठची वस्ती, क्रम हाच. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांच्या घरात पहिल्यांदा लाईट आली, त्या पिढीतले आम्ही. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत खांब एकेक गाव पुढे सरकत आमच्यापर्यंत पोचले. उजनीचं पाणी चढू लागलं तेव्हा पळसदेवसारखी भीमाकाठची गावं नव्या जागी गेली. तिथं घर बांधणं आणि वायरिंग ठोकणं ही दोन्ही कामं बरोबरच निघाली.

वायरिंग ठोकणं म्हणजे खरंच ठोकणं. सागवानी पट्टी, तिच्यावर ओळीनं क्लिपा, क्लिपांत काळी वायर. भिंतीत छिन्नीनं भोक पाडून लाकडी गुट्टी बसवायची आणि तिच्यात पट्टीचा स्क्रू पिळायचा. मातीच्या भिंतीत गुट्टी टिकायची नाही, हलायला लागायची, मग वायरमन तिला चुन्यासिमेंटात बसवून दुसऱ्या दिवशी यायचा. बारीक खिळे ओठांत धरलेले असायचे, त्यामुळे त्याला काही विचारलं तर उत्तर हुंकारात. आम्ही पोरं शिडीखाली उभी. आजी ओट्यावरून ओरडायची, "आरं लेकरा, वहाणा तरी घाल की पायात." तो खिळे सांभाळत म्हणायचा, "मेन पाडलाय, आज्जी." दिवाळीला रंगारी आला की भिंतीबरोबर पट्टीवरूनही चुन्याचा हात फिरायचा. चार दिवाळ्यांनंतर पट्टी कुठली आणि भिंत कुठली ते कळेनासं व्हायचं.

हा माणूस शिकला कुठं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं जायचं ते वेगळंच. कुणाचा, कुठल्या आळीचा, पाव्हण्यांत कुणाच्या येतो. कुणी मोटारी रिवाइंड करणाऱ्याच्या दुकानात हाताखाली राहून शिकलेला, कुणी पुण्यात एखाद्या उस्तादामागे पिशवी उचलून. लग्नाची रोषणाई, शेतावरचा स्टार्टर, रेडिओचा खरखराट, देवळातला झिरोचा बल्ब, सगळं तोच बघायचा. पैसे सुगीला दिले तरी चालायचे. आमच्या आयांचा त्याच्यावर जेवढा विश्वास होता, तेवढा डॉक्टरवरही नव्हता.

कायदा मात्र तेव्हाही होता. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनुसार घरातलं वायरिंग परवानाधारक ठेकेदारानं, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करायचं होतं. नवं कनेक्शन घेताना बोर्डात टेस्ट रिपोर्ट द्यावा लागे. तो सहीशिक्क्यानिशी यायचा, पण ती सही करणाऱ्याला आमच्यातल्या कित्येकांनी कधी पाहिलंच नाही. सही तालुक्याच्या गावी, हातोडी आमच्या घरात. रिपोर्टमध्ये इन्सुलेशनचा आकडा लिहिलेला असे. नियमानं ५०० व्होल्टच्या मेगरनं मोजून तो निदान एक मेगओहम यायला हवा. हँडल फिरवायचा तो मेगर आमच्या घरी काही आला नाही, आकडा तेवढा आला. कुणाला वाईट वाटलं नाही. दिवा लागला होता ना!

जुन्या वायरमनचा गुण एकच, आणि दोषही तोच. तो कशालाच नाही म्हणायचा नाही. फ्यूज सारखा उडतोय? चिनीमातीच्या किटकॅटमध्ये एकाऐवजी तीन तारा पिळून द्यायचा. गीझर आणलाय? दिव्याच्याच वायरीवर जोडून द्यायचा. शेजारच्या खोलीत लग्नाचं बिऱ्हाड आलंय? आपल्या बोर्डावरून एक वायर खिडकीतून ओढून द्यायचा. माणूस चांगला, म्हणून नाही म्हणवत नसे. फ्यूज उडतो तो वायर तापू नये म्हणून, घर पेटू नये म्हणून, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यालाही अर्धंमुर्धंच माहीत असावं. आणि फ्यूजमुळे माणूस वाचतो हा तर सगळ्यांचाच पक्का समज. पाच अँपिअरच्या फ्यूजला माणसाच्या अंगातून गेलेला करंट समजतसुद्धा नाही. हृदय बंद पाडायला त्याचा शंभरावा भागही पुष्कळ होतो.

घरोघरी पहिले फ्रिज आले तेव्हाची एक गोष्ट आमच्यातल्या बहुतेकांना आठवेल. पावसाळ्यात फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या यायच्या. त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे फ्रिजपुढे जेवायचा लाकडी पाट. पाटावर उभं राहून दूध काढायचं. लहान मुलांना ताकीद असायची, "पाटावर चढल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही." वर्षानुवर्षं ते पाट तिथंच राहिले, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

त्या पाटाला पहिल्यांदा पायानं बाजूला सारणारा आयटीआयचा पोरगा होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड करून, कुठंतरी अप्रेंटिसशिप उरकून ही मुलं आमच्या गावांत दिसू लागली. वय विशी-बाविशीचं, सायकलच्या कॅरिअरला पिशवी, पिशवीत टेस्टरशिवाय एक टेस्ट लॅम्प. त्यानं फ्रिजला हातच लावला नाही. विचारलं, "अर्थिंग कुठाय?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बोर्डावर तीन पिनांचं सॉकेट होतं, पण वरच्या जाड पिनेला मागून वायरच नव्हती. जुन्या माणसानं ते भोक शोभेपुरतं ठेवलं होतं.

मग परड्यात खड्डा घेतला. दीड-दोन पुरुष खोल. तळाशी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर विटांचं चौकोनी तोंड. सासूबाईंना वाटलं वास्तुशांतच चालली आहे, त्यांनी हळदकुंकू वाहिलं. पोरगा जाताना बजावून गेला, "उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी." आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. कऱ्हेचं पात्र कोरडं, जमीन भेगाळलेली. कोरडी माती करंट नीट वाहून नेत नाही, म्हणून ते पाणी. प्यायला पाणी पुरत नसताना खड्ड्यात बादली ओतायची, यावरून घराघरांत भांडणं झाली. शेवटी भांडी विसळलेलं पाणी ओतायचं ठरलं. पाट परत स्वयंपाकघरात गेला.

या पोरांचा आम्हाला रागही यायचा. काम सांगावं आणि त्यानं आधी प्रश्न विचारावेत, ही रीत आमच्याकडे नव्हती. एकदा उन्हाळ्याच्या संध्याकाळी वाड्यातल्या काही बिऱ्हाडांचे बल्ब एकदम पांढरेफटक झाले आणि एकामागोमाग उडाले. एका बिऱ्हाडाचा रेडिओ धुरानं भरला, दुसऱ्याकडे मात्र दिवे विझू विझू झालेले. जुना वायरमन आला असता तर एकेका घरात शिरला असता. हा पोरगा आला, सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर घातला, दोन्हीकडे दिवा लागला. तो मागे सरला. "न्यूट्रल सुटलाय खांबावर. घरात काही नाही." वाड्यात तीन फेज वेगवेगळ्या बिऱ्हाडांना वाटून दिलेले असतात, परतीची तार सगळ्यांची एक. ती तुटली की ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या बल्बावर २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येऊन बसतात. हे त्यानं जमिनीवर काडीनं आखून दाखवलं. सगळे म्हणाले, चढ मग खांबावर. तो म्हणाला, "मीटरच्या पलीकडं बोर्डाचं. मी नाय चढणार, तुम्ही पण कुणाला चढवू नका." दीड दिवस अंधारात काढला त्या वाड्यानं, आणि त्याला शिव्याही दिल्या. त्या काळात डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, नाहीतर खांबावर चढलेला कुणी ना कुणी चिकटल्याची बातमी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून यायचीच.

पुढे २००५ मध्ये बोर्डाचं महावितरण झालं आणि भारनियमनाची वर्षं आली. वस्तीवर दिवसाचे कितीतरी तास फक्त सिंगल फेज असायचा, दिव्यापुरता. मग कंडेन्सर लावून त्याच्यावर पाच एचपीची मोटार चालवायचा उद्योग निघाला. उसाला पाण्याची पाळी चुकली तर वर्ष गेलं, तेव्हा त्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण डीपी जळायचे, आणि मग ज्यांनी कंडेन्सर लावला नव्हता तेही अंधारात बसायचे. कंडेन्सर जोडून देणारे पुष्कळ होते, नाही म्हणणारे हाताच्या बोटावर. त्यांचा धंदा त्या वर्षांत बसला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

शहरातल्या घरांत तेव्हाच इन्व्हर्टर आला आणि आमचं सर्वांत जुनं ज्ञान निकामी झालं. मेन पाडला की घर मेलं, यावर आमची पिढी वाढली होती. आता मेन पाडला तरी दिव्यांच्या वायरींत करंट जिवंत, कारण इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि तो लगेच चालू होतो. आता छतावर सोलर आलं. पॅनेलकडून येणारी तार तर ऊन आहे तोवर मरतच नाही. शिकलेला माणूस ओळखायचा तर त्याच्या प्रमाणपत्रापेक्षा मी एवढंच बघते, की बोर्ड उघडण्याआधी तो इन्व्हर्टर कुठं आहे ते विचारतो का, आणि मेन पाडल्यावरही टेस्ट लॅम्प लावून बघतो का. प्रमाणपत्र आणि वायरमन परवाना बघायचा नाही असं नव्हे. तो मागायची आम्हाला अजून लाज वाटते, एवढंच. पोळीभाजी करायला येणाऱ्या बाईला आधारकार्ड मागतो आणि वायरमनला विचारायचं म्हटलं की "घरचाच आहे" म्हणतो.

मागच्या वर्षी बारामतीला धाकट्या जावेच्या घरी नवीन गीझर बसवायचा होता. एमआयडीसीत नोकरी करून संध्याकाळी घरगुती कामं घेणारा मुलगा आला. जुन्या मेनच्या शेजारी करंटची गळती पकडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी लावली, चढवली, ती लगेच पडली. पुन्हा चढवली, पुन्हा पडली. दीर म्हणाले, "ती काढून टाक, डायरेक्ट दे." तो म्हणाला, "कुठंतरी लीकेज आहे काका, आधी ते काढू." एकेक लाईन सोडवत तो गच्चीवरच्या दिव्यापर्यंत गेला, तिथं पावसाचं पाणी शिरलेलं होतं. मग खाली आला आणि त्यानं अर्थिंगचा खड्डा विचारला. खड्डा अंगणात होता खरा, पण पेव्हिंग ब्लॉक बसवले तेव्हा त्याचं तोंड खाली गेलं होतं आणि नेमका कुठल्या ब्लॉकखाली ते कुणाला सांगता येईना. दीर म्हणाले तुळशीच्या डाव्या हाताला, जाऊ म्हणाली गेटजवळ. मुलानं रीडिंग घेतलं, मान हलवली. नवा घ्यावा लागेल म्हणाला, आणि तोवर गीझर जोडणार नाही असंही. दिरांनी मजुरी विचारली. आकडा ऐकून ते म्हणाले, "कोळशा-मिठाचे एवढे?" आता कोळसा-मीठ नसतं, तयार पावडर येते, असं तो सांगायला लागला, तेवढ्यात जावेनं चहा आणला.