अख्खं पाकीट

अमेरिकेने १८९९ मध्ये ग्वाम बेटासाठी आपलीच निळी स्पेशल डिलिव्हरी तिकिटं घेतली, त्यांवर ‘ग्वाम’ असं छापलं आणि काम भागवलं. त्या तिकिटांचे आजचे भाव ऐकले की माझ्यासारखा बोरीवलीतला पेन्शनर गप्प बसतो. माझा जीव अडकलाय तो असाच वर छाप मारलेल्या आपल्या ५ पैशांच्या तिकिटात.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचा आकडा कोटीच्या घरात गेला होता. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्डं आणि वर्तमानपत्रं सोडून सगळ्या टपालावर ५ पैसे जादा बसले. खास तिकीट तयार नव्हतं. म्हणून कुटुंब नियोजनाचं लालसर तिकीट उचललं आणि त्यावर ‘शरणार्थी सहायता’ छापलं. छोट्या सुखी कुटुंबाच्या अंगावर निर्वासित! नाशिकच्या छापखान्यातला माल सगळीकडे वेळेत पोचेना, तेव्हा काही शहरांनी आपापल्या परीने, कुठे रबरी शिक्क्यानेही, हे वरचे छाप म्हणजे ओव्हरप्रिंट उरकले. १ डिसेंबरला नवं तिकीट आलं.

कोरं, सुटं तिकीट मी सहसा घेत नाही. मूळ तिकीट ढिगाने मिळतं, आणि रबरी शिक्का काय, कुणीही बनवून आणेल. मला पत्र घेऊन गेलेलं पाकीट लागतं. दहापटीचं भिंग घ्यायचं आणि दोन शाया एकमेकींना छेदतात ती जागा शोधायची. पोस्टाचा शिक्का वर, ओव्हरप्रिंट खाली. उलटं दिसलं तर विकणारा कितीही गोड बोलो, पाकीट परत. काळ्यावर काळी शाई असली की मात्र परीक्षाच. सकाळच्या तिरप्या उन्हात तिकीट हलवत बसावं लागतं. छापखान्याचा खिळा कागदात थोडा रुततो, रबरी शिक्क्याची शाई अक्षराच्या कडेला साचते. तारीख तर आधीच वाचायची: १५ नोव्हेंबरच्या आधीची असेल तर पुढचं काही बघूच नये.

तेव्हा पत्राला २० पैसे पडत आणि २० पैशांच्या रोजच्या तिकिटावर नॅट विमान होतं. म्हणजे त्या पंधरवड्यातल्या साध्या पाकिटावर नॅट आणि निर्वासित शेजारी बसलेले सापडू शकतात. त्याच नॅट विमानांनी २२ नोव्हेंबरला सीमेवरच्या बोयराच्या आकाशात पाकिस्तानी सेबर विमानं पाडली. हे कुणी जुळवून आणलेलं नाही. पाठवणाऱ्याने फक्त पंचवीस पैशांचा हिशेब केला होता.

तिकीट सोडवून अल्बमात लावणाऱ्यांचा मला राग येतो, कारण दर, तारीख, गाव सगळं बादलीतल्या पाण्यात जातं. स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याला बजावून ठेवलंय, ‘दादा, कात्री लावू नका. अख्खं पाकीट द्या, दोन रुपये जास्त घ्या.’