नव्याला जुनं, जुन्याला नवं



बऱ्याच दिवसांनी लिहितो. आज धानाचं कमी आणि टँकचं जास्त आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात टँक म्हटलं की सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव. मी बोलतोय रणगाड्याबद्दल. गंमत म्हणजे रणगाड्याला हे नाव पाण्याच्या टाकीवरूनच पडलं. १९१५-१६ मध्ये इंग्रजांनी ही गाडी लपूनछपून बनवली, तेव्हा पाण्याच्या टाक्या बनवतोय अशी हूल दिली. तेच नाव चिकटलं.

तर झालं असं. पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा एक डबा घेऊन आला. आत प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेले शेकडो बारके तुकडे, सोबत नकाशाचं पुस्तक. जोडले की पीटी-७६ रणगाडा होतो, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे साधारण वीतभर. त्यानं खालचं धड जोडलं, बारा चाकं बसवली आणि सुट्टी संपली. "काका, तुम्ही पूर्ण करा," म्हणाला.

२०२३ मध्ये 'पिप्पा' नावाचा सिनेमा आला होता, तो याच रणगाड्यावर. पीटी-७६ पाण्यात तरंगतो. मागच्या बाजूला पाणी जोरात फेकणारे दोन जेट असतात, त्यावर पोहतो. आत झिरपलेलं पाणी काढायला पंपही असतो. तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा तरंगतो म्हणून पंजाबी जवान त्याला पिप्पा म्हणायचे. १९७१ मध्ये युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, २१ नोव्हेंबरला, बंगालमध्ये गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या एका स्क्वॉड्रननं या रणगाड्यांनी शत्रूचे शॅफी रणगाडे अडवले. मेजर दलजित सिंग नारंग तिथं कामी आले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पहाटेचं धुकं आणि नदीनाल्यांचा, धानाचा मुलूख. वाचताना मला आपलीच बांधी दिसत होती.

धान चुरून झाला होता, उन्हाळी रोवणीला वेळ होता. संध्याकाळी बसायला लागलो. तुकडे कापायला नेलकटर, घासायला पॉलिश पेपर. चिकटवायचं द्रव वेगळं येतं, ते फेविकॉलसारखं चिकटत नाही, प्लॅस्टिकच थोडं विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. थेंब जास्त पडला की तुकडा गेला. पट्ट्याच्या कड्या जोडताना डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, "कायले जी हे बुढाऱ्यात खेळणं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रंग दिला. ऑलिव्ह ग्रीन. यातही एक शिकलो. खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा दिला तर बारक्या मॉडेलवर काळपट दिसतो. लांबून पाहिलेली वस्तू फिकी दिसते, म्हणून रंगात थोडा पांढरा टाकावा लागतो. रंग वाळला, आणि समोर दुकानातलं खेळणं उभं राहिलं. कुठं गेलं नाही, काही केलं नाही, असं.

मग खरं काम. त्याला वापरलेला दाखवायचं. पुतण्यानं फोनवर समजावलं, बाकी चुकत चुकत शिकलो. आधी पारदर्शक वार्निशचा हात. मग तपकिरी ऑइल पेंट टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करून सांध्यांत सोडायचा, तो आपोआप खाचेत पळतो. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर झटकून, कडांवर हलकेच टेकवायचा. रंग उडाल्यासारखा दिसतो. पट्ट्याच्या कडांवर पेन्सिलीचं शिसं घासायचं, जमिनीला घासून चमकलेल्या लोखंडासारखं होतं. नांगराचा फाळ आठवा.

चिखल मात्र मी विकतचा घेतला नाही. चिखल आपल्या घरचा. सिहार जमिनीची माती आणली, वाळवली, बायकोच्या जुन्या ओढणीतून दोनदा चाळली. तरी पहिल्यांदा फसलं. पस्तिसाव्या हिश्शात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. रणगाडा गिट्टीच्या खाणीतून आल्यासारखा दिसायला लागला. धुऊन काढलं. मग माती खलबत्त्यात पिठासारखी कुटली, पाणी आणि फेविकॉल टाकून ब्रशानं लावली.

बाबा खाटेवरून पाहत होते. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं, उजव्या डोळ्याला कमी दिसते. मॉडेल हातात घेतलं, नाकाजवळ नेलं. म्हणाले, "चिखल एकाच दिवशीचा नसते बापा. खाली ओला, वर सुकलेला, त्याच्यावर धुरळा."

बरोबर होतं. चिखलणीत केज व्हील लावलेला ट्रॅक्टर आठवा. कालचा चिखल राखट होऊन तडकलेला असतो, आजचा काळा चकचकीत असतो. मी तीन रंगांची माती केली. सगळ्यात फिकी वर, सगळ्यात गडद पट्ट्यात, ओल्या भागावर थोडं चमकदार वार्निश. खालून वर, असा तो रणगाडा खरा व्हायला लागला.

आता दुसरी गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नव्हती. याच दिवसांत आमचा ट्रॅक्टर विकायला काढला होता.

२००९ चा, ३५ एचपीचा. पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती आणि यंदा कापणीच्या वेळी पावसानं कडपा भिजवल्या, धान काळा पडला. दुसरा मार्ग नव्हता. एका ओळखीच्यानं सल्ला दिला, "आधी डेंटिंग-पेंटिंग करून घे, वीस-तीस हजार जास्त येतीन." पेंटर घरी बोलावला. त्यानं पहिल्या दिवशी डावा मडगार्ड घासून लालभडक केला. उद्या मागची बाजू करतो म्हणाला.

मागच्या बाजूला ॲक्सलजवळ तेलाचा डाग होता. तुम्हाला माहीत आहे, चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचं ऑइल सील जाते. मग तेल बाहेर येतं आणि चिखलाचं पाणी आत जातं, गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं पांढरट होतं. आमचं तसंच झालं होतं. डाग घासून रंग मारला असता तर महिनाभर कोणाला कळलं नसतं.

त्याच रात्री मी मॉडेलच्या मागच्या बाजूला तेलाचा ओघळ काढत होतो. गडद रंगाचा बारका थेंब, मग टर्पेंटाइनच्या ब्रशानं खाली ओढायचा. फार सुंदर जमला होता. बाबांना दाखवला.

"हे तेल कुठून गळते?"

म्हटलं, "गळत नाही बाबा, नुसतं दिसायले काढलं."

"गळत नसन तर डाग कायले?"

मी हसलो. ते हसले नाहीत. अंगणाकडं पाहून म्हणाले, "अन् आपलं गळते ते?"

झोप लागली नाही. एक हात नव्याला जुनं करत होता, दुसरा जुन्याला नवं. मॉडेल करताना मी प्रत्येक डागाला कारण शोधत होतो. पाय ठेवतात तिथं रंग जातो, डिझेल भरतात तिथं ओघळ येतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात एकदा गेलो होतो, तिथले रणगाडे रंग देऊन उभे केलेले. तिथं ते ठीक आहे, त्यांना आता कुठं जायचं नाही. ट्रॅक्टरला जायचं होतं, कोणाच्या तरी बांधीत.

सकाळी पेंटरला एका दिवसाची मजुरी दिली आणि परत पाठवला.

घेणारा आला तो पलीकडच्या गावचा पोरगा, तीन एकरवाला. बायकोचं सोनं गहाण ठेवून पैसे आणले होते, हे त्यानं स्वतःच सांगितलं. आधी तर तो हसला, "भाऊ, हा एकच मडगार्ड लाल कसा?" मी त्याला मागं नेलं, डाग दाखवला. ऑइलचा प्लग सैल करून तेल बोटावर घेऊन दाखवलं. क्लच प्लेट किती राहिली तेही सांगितलं. तो गप्प झाला. बोलणं २ लाख १० हजारांवर झालं होतं, १८ हजार कमी केले. बायकोला त्या रात्री सांगितलं तेव्हा ती चिडली, आणि तिचं चूक नव्हतं. १८ हजार म्हणजे फीचा एक मोठा तुकडा. तो मी पोरीच्या मामाकडून उसना घेतला आहे, उन्हाळी धान निघाला की फेडायचा.

ट्रॅक्टर अंगणातून निघाला तेव्हा बाबा खाटेवर उठून बसले. क्लचच्या पेडलवर रंग कधीच गेलेला, तिथं लोखंड चकाकत होतं. सोळा वर्षं आमच्या पायांनी घासलेलं. तेवढं मी पाहिलं, बाकी पाहवलं नाही.

मागच्या आठवड्यात त्या पोराचा फोन आला. सील बदललं, तेल बदललं, चिखलणी चालू आहे. "भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून आधीच केलं, नाही तर गिअर गेले असते."

रणगाडा आता कोनाड्यात आहे. पुतण्याला फोटो पाठवला, त्याला तेलाचा डाग फार आवडला. तो मी पुसला नाही. मात्र त्याच्या वर एक झाकण आहे, त्याच्या कडेला थोडा ओलसर रंग दिला. आता तेल कुठून गळते ते दिसते.

शेताची नोंद: कालव्याला पाणी आलं, पऱ्हे बोटभर झाले. यंदा चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं. ज्यांच्याकडं स्वतःचा आहे त्यांनी चिखलात उतरायच्या आधी मागच्या ॲक्सलखाली हात फिरवून पाहा आणि गिअर ऑइलचा रंग पाहा. पांढरट असेल तर आधी सील, मग चिखल.