चुलीजवळचा वेळू

बालाघाटच्या माथ्यावरील ईट (ता. भूम, जि. धाराशिव) आणि आसपासच्या कोरडवाहू गावांत वेळू माणसाला जन्मापासून चिकटलेला असतो: तान्हे मूल सुपात निजवतात, लग्नात दुरड्यांतून रुखवत येतो आणि अखेरीस तिरडीही वेळूचीच बांधली जाते. बुरुडाच्या हातून घडलेल्या या वस्तूंमध्ये अन्न शिजवण्याचे भांडे मात्र आढळत नाही. विस्तवाशी वेळूचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो फुंकणीचा, म्हणजे निखारा फुलवण्याच्या नळीचा. आणि तीही जळू नये म्हणून चुलीपासून हातभर लांबच ठेवतात.

वेळू जाळला तर वंश जळतो, ही समजूत वेळूत अन्न न शिजवण्याचे एक कारण म्हणून सांगतात. तथापि खरे कारण झाडाच्या अंगातच असावे. कमी पावसात तग धरणारा इथला वेळू म्हणजे मानवेल, तो बहुधा भरीव, फार तर बोटभर पोकळीचा असतो. लाठीला तो उत्तम, पण त्यात भात कोठे मावणार? त्यामुळे या मुलखातले उघड्यावरचे जेवण वेळूच्या टोपल्यातून शिवारात जाते, त्यात शिजत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला भज्जी, उंडे आणि आंबील डोक्यावर घेऊन घरची माणसे शेतात जातात. हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे हातावर चोळून दाणे सुपात पाखडतात. आणि भूम तालुक्याचा प्रसिद्ध खवा आटतो तो लोखंडी कढईत.

वेळूच्या नळीत शिजवण्याची रीत पोकळ आणि जाड वेळूच्या प्रदेशांतली आहे: ईशान्य भारतात तशी भात-मासळी शिजते, आंध्रातील अराकू खोऱ्यात कोंबडी. तिची युक्ती पोकळीपेक्षा ओलाव्यात अधिक आहे. दोन गाठींमधल्या भागाला पेर म्हणतात. ताज्या हिरव्या पेराची खालची गाठ राखून वरची छाटली की तळासकट नळकांडे हाती येते. त्यात धुतलेले तांदूळ आणि पाणी भरतात, फुगण्यासाठी वरचा तिसरा हिस्सा रिकामा सोडतात, तोंडात पानांचा सैल बोळा बसवतात आणि नळकांडे निखाऱ्यांवर तिरपे टेकवून हळूहळू फिरवत राहतात. ओल्या वेळूच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते, शिवाय आतही पाणी असते, म्हणून आतली बाजू सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या फारशी पुढे जात नाही, तर लाकडाचा कोळसा व्हायला २०० अंशांहून अधिक तापमान लागते. साल काळी पडते, तोंडाशी फेस येतो, आत भात शिजत राहतो. वाळलेल्या वेळूला हे साधत नाही. तो सरळ पेट घेतो. दोन्ही गाठी शाबूत असलेले पेर तर विस्तवात कधीच टाकू नये, कारण कोंडलेली वाफ ते फटाक्यासारखे फोडते. हौशी मंडळी नेमकी हीच गोष्ट विसरतात.

अलीकडे मराठवाड्यातील चित्र बदलते आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वेळूची गणना झाडांत होती. २०१७ मध्ये वनाबाहेरचा वेळू त्या व्याख्येतून वगळला गेल्याने शेतकऱ्याला तोड आणि वाहतूक सोपी झाली. लातूरचे शेतकरी नेते पाशा पटेल यांनी वेळूलागवडीचा आग्रह धरला आणि या भागातील बांधांवर बाल्कोआसारख्या जाड बुंध्याच्या जाती येऊ लागल्या. बाल्कोआची भिंत दणकट असली तरी पोकळी मानवेलाहून मोठी असते. त्यामुळे शिवारात कोयत्याने पेर छाटून मूठभर तांदूळ शिजवणे आता ईटच्या बांधावरही शक्य आहे. फक्त तांदूळ विकत आणावा लागेल, कारण रान ज्वारीचे आहे. कण्या मात्र घरच्या निघतील, आणि त्यांना पाणी तांदळाहून बरेच जास्त घालावे लागते.