साहेब, तोच शब्द लिहा

एसटीत वाहक म्हटल्यावर शिव्या खाव्याच लागतात. सुट्ट्या पैशांवरून, गाडी हात करूनही थांबली नाही म्हणून. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर जागा मिळाली नाही की पुरुष प्रवासी आमच्यावरच घसरतात.

त्या दिवशी भांडण एका पोराच्या तिकिटावरून झालं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. बाप म्हणे, चार वर्षांचा आहे. मी पोरालाच विचारलं, "कितवीत रे बाळा?" "दुसरीत," पोरगं छाती काढून म्हणालं. गाडीत हशा पिकला आणि त्याचा सगळा राग बापाने माझ्यावर काढला. "दिवसभर परक्या पुरुषांना अंग घासत हिंडणारी रांड तू, मला नियम शिकवतेस?"

चालकाने गाडी सरळ पोलीस ठाण्यावर घेतली. खरा मनस्ताप तिथे झाला. अंमलदार म्हणाले, "काय बोलला ते जसंच्या तसं सांगा." भोवती सगळे पुरुष. मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी लिहिलं, 'अपशब्द वापरले.' मी म्हटलं, "साहेब, तोच शब्द लिहा." तर म्हणाले, "अहो ताई, कागद वर जातो, बरं दिसत नाही." मग माझ्या तोंडून तो सगळ्यांदेखत वदवून कशाला घेतला? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शब्दच गाळला, तर न्यायाधीशांनी काय वाचायचं? मी हटून बसले. प्रवासी दुसऱ्या गाडीने गेले. शेवटी समजूत घालून घालून प्रकरण मिटवलं गेलं. त्या माणसाने हात जोडले ते अंमलदारांना. "साहेब, चुकलं." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

पुरुष वाहकांनाही शिव्या बसतात, पण त्या लागतात त्यांच्या आईला, बहिणीला. भांडण दोन पुरुषांचं असलं तरी मधे बाईच ओढली जाते.

आणि त्या माणसापेक्षा जास्त मला लागलं ते तिसऱ्या बाकावरच्या एका बाईचं बोलणं. "एवढं तोंड चालवते, ही नवऱ्यापाशी काय नांदत असेल!" मी नुकतंच दिलेलं अर्धं तिकीट तिच्या हातात होतं.

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. डेपोत तो विषय निघाला तेव्हा मी म्हणाले होते, दंडाने जीभ सुधारत नसते. आजही मला तसंच वाटतं. तरीही तो दंड प्रत्येक गाडीत लागू व्हावा. पावती फाडायचा अधिकार वाहकाला द्यावा आणि रकमेच्या वर दिलेली शिवी पूर्ण लिहावी, देणाऱ्याच्या नावासकट.